नव्वद दिवस आणि एक प्रमाणपत्र: दिल्ली विमानतळ मेट्रोच्या लवादाचा प्रकरण अभ्यास

११ मे २०१७ रोजी तीन सदस्यांच्या लवाद मंडळाने दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनला, विमानतळ मार्गिका पूर्वी चालवणाऱ्या खासगी कंपनीला २,७८२.३३ कोटी रुपये आणि त्यावरचे व्याज देण्याचा आदेश दिला. १० एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निवाडा रद्दबातल ठरवला आणि तोवर भरलेली रक्कम परत करायला सांगितली. मधल्या सात वर्षांत निवाडा एकदा टिकला, एकदा पडला, पुन्हा उभा राहिला आणि शेवटी पडला. या सगळ्या काळात करार तोच होता, पत्रे तीच होती आणि गर्डरच्या, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळयांच्या, भेगाही त्याच. न्यायालयागणिक बदलले ते दोनच मुद्दे: एका पोटकलमातले दोन पर्याय कसे वाचायचे आणि एका सुरक्षा प्रमाणपत्राला किती वजन द्यायचे.

सरकारी कंत्राटे आणि व्यापारी दावे या शाखेत येणाऱ्या वकिलाला या प्रकरणात आपल्या कामाचा जवळजवळ प्रत्येक टप्पा सापडतो: करार, नोटीस, लवाद, निवाड्याला आव्हान, अपील, दरखास्त (निवाड्याप्रमाणे वसुली). आणि यातली निर्णायक पाने कोर्टात नव्हे, २०१२ च्या उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतच्या पत्रव्यवहारात लिहिली गेली.

करार काय होता

नवी दिल्ली रेल्वे स्थानकापासून विमानतळामार्गे द्वारका सेक्टर २१ पर्यंत सुमारे २२.७ किलोमीटरची ही मार्गिका सार्वजनिक-खासगी भागीदारीत बांधायची ठरली. २५ ऑगस्ट २००८ रोजी दिल्ली मेट्रो आणि दिल्ली एअरपोर्ट मेट्रो एक्स्प्रेस प्रायव्हेट लिमिटेड यांच्यात ३० वर्षांचा कन्सेशन करार, म्हणजे मार्गिका चालवण्याचा हक्क देणारा करार, झाला. ही कंपनी रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर आणि स्पेनची रेल्वे डबे बनवणारी सीएएफ यांच्या समूहाने उभी केली होती.

कामाची वाटणी अशी: जमीन आणि स्थापत्यकाम, म्हणजे खांब, गर्डर, बोगदे, स्थानकांचा सांगाडा, हे दिल्ली मेट्रोकडे. रूळ, गाड्या, वीज, सिग्नल, तिकीट यंत्रणा, सामान तपासणी आणि मार्गिका चालवणे हे कंपनीकडे. ही वाटणी कागदावर सुबक दिसते, पण वादाचे बीज इथेच असते. रूळ एकाचा आणि त्याखालचा गर्डर दुसऱ्याचा असेल, तर गाडी हादरल्यावर दोष कोणाचा, याचे उत्तर इंजिनिअर देतात आणि वकील त्यावर भांडतात. अशा करारावर सल्ला देताना पहिले काम म्हणजे दोन्ही बाजूंची कामे जिथे एकमेकांना टेकतात त्या जागांची यादी करणे आणि प्रत्येक जागेचा ताबा देताना-घेताना संयुक्त तपासणीचा अहवाल सक्तीचा करणे. ताबा घेताना भेगांची नोंद झाली नसेल, तर त्या आधीच्या की नंतरच्या, हा वाद पुढे तज्ज्ञ साक्षीदारांच्या फीवर चालतो.

मार्गिका ठरलेल्या मुदतीनंतर, २३ फेब्रुवारी २०११ ला सुरू झाली. मार्च २०१२ मध्ये कंपनीने कन्सेशन फी, म्हणजे या हक्काबद्दल दिल्ली मेट्रोला द्यायची रक्कम, पुढे ढकलण्याची विनंती केली. कारणे दिली ती स्थानकांचा ताबा उशिरा मिळाल्याची आणि दुकानदार जागा घ्यायला कचरत असल्याची. हे पत्र लक्षात ठेवावे. काही आठवड्यांनी त्याच कंपनीने गर्डर आणि बेअरिंगमधील (खांब आणि गर्डर यांच्यामधल्या आधारांमधील) दोषांचा विषय काढला, तेव्हा समोरच्या बाजूला बोलायला आयती जागा मिळाली: खरा प्रश्न सुरक्षेचा की पैशांचा? दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात. पण आधी सवलत मागायची आणि मग सुरक्षेचे कारण काढायचे, हा क्रम उलटतपासणीत महाग पडतो. कंत्राटदाराच्या वकिलाने अशिलाला निदान एवढे तरी सांगावे की सवलत मागणाऱ्या पत्रातच तोपर्यंत दिसलेल्या तांत्रिक दोषांची नोंद करून ठेवा.

९ जुलै ते ८ ऑक्टोबर

८ जुलै २०१२ ला कंपनीने गाड्या बंद केल्या. दुसऱ्याच दिवशी, ९ जुलैला, तिने दिल्ली मेट्रोला नोटीस दिली. आठ दोषांची यादी दिली आणि ९० दिवसांत ते दूर करा असे बजावले. मुदत ७ ऑक्टोबरला संपत होती. ८ ऑक्टोबरला करार संपवल्याची नोटीस निघाली. कंपनीच्या बाजूने कॅलेंडर सांभाळणारा माणूस आपल्या कामात पक्का होता, यात शंका नाही.

करारातले संबंधित पोटकलम थोडक्यात असे होते: दिल्ली मेट्रोकडून करारभंग झाला, आणि नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत तो दूर करण्यात किंवा तो दूर करण्यासाठी परिणामकारक पावले उचलण्यात ती अपयशी ठरली, तर तो तिचा कसूर ठरेल आणि कंपनीला करार संपवता येईल. तसा करार संपला तर दिल्ली मेट्रोने थकीत कर्जाची रक्कम आणि समायोजित भागभांडवलाच्या १३० टक्के इतकी भरपाई द्यायची.

इथे थोडे थांबावे लागते. दोष दूर करणे हा एक पर्याय, आणि ते दूर करण्यासाठी परिणामकारक पावले उचलणे हा दुसरा. दुसरा पर्याय करारात सहज पडलेला नसतो. पुलाच्या गर्डरची दुरुस्ती ९० दिवसांत पूर्ण होईलच असे नाही. तपासणी, आराखडा, साहित्य आणि पुन्हा भारचाचणी यातच महिने जातात. म्हणून काम प्रामाणिकपणे आणि योग्य दिशेने सुरू असेल तर करार तुटू नये, अशी ही सोय असते. मग करार संपवू पाहणाऱ्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: दोष उरला आहे, आणि त्यावर जे केले गेले ते परिणामकारक नव्हते.

कंपनीच्या वकिलाने या ९० दिवसांत काय करायला हवे? नोटिशीतल्या आठही दोषांसाठी एकेक रकाना: दोष कुठल्या खांबाजवळ, कुठल्या गर्डरला, मोजमाप किती, छायाचित्र कोणत्या तारखेचे, करारातल्या किंवा मानकातल्या कुठल्या अटीचा भंग. मग ३०व्या, ६०व्या आणि ८५व्या दिवशी संयुक्त तपासणीची लेखी मागणी. समोरचा आला नाही तर तशी नोंद. आणि शेवटच्या नोटिशीत 'दोष दूर झाले नाहीत' एवढेच लिहून न थांबता, जी पावले उचलली ती का अपुरी, हेही प्रत्येक दोषापुढे स्वतंत्रपणे लिहायचे. बहुतेक समाप्ती-नोटिसा इथेच लंगड्या पडतात. त्या रागाने लिहिलेल्या असतात आणि पोटकलमाचा अर्धाच भाग वाचून.

सरकारी बाजूच्या विधी अधिकाऱ्याचे काम याच्या उलट, आणि जास्त कठीण. स्थापत्य विभाग दुरुस्ती करत असतो, पण त्याच्या नोंदी साइट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये असतात. सल्लागाराचा अहवाल तिसऱ्या टेबलावर पडलेला असतो. नोटिशीला उत्तर मात्र मुख्यालयातून एका पानाचे जाते: आरोप अमान्य. असे उत्तर पुढे पाच वर्षे त्रास देते. दर पंधरवड्याला काय तपासले, काय ठरले, कुणाला काम दिले आणि किती झाले हे समोरच्याला जावक क्रमांकासह कळवायचे आणि पोच घ्यायची. परिणामकारक पावलांचा पुरावा असाच, त्या त्या दिवशी तयार होतो. लवादात नंतर प्रतिज्ञापत्रावर सांगितलेल्या पावलांना तेवढे वजन येत नाही.

प्रमाणपत्र

करार संपवल्याच्या नोटिशीनंतर २३ ऑक्टोबर २०१२ ला दिल्ली मेट्रोने लवादाचे कलम वापरले. त्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. १९ नोव्हेंबरला दोन्ही पक्षांनी मिळून मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे मार्गिका पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केला. १८ जानेवारी २०१३ ला आयुक्तांनी परवानगी दिली, पण अटींवर: सुरुवातीला ताशी ५० किलोमीटर वेग, तो टप्प्याटप्प्याने वाढवायचा, आणि दुरुस्त केलेल्या गर्डरची नियमित तपासणी. २२ जानेवारीला गाड्या सुरू झाल्या. कंपनीने त्या ३० जून २०१३ पर्यंत चालवल्या आणि १ जुलैपासून मार्गिका दिल्ली मेट्रोकडे गेली. मार्गिका पुढेही चालू राहिली, आणि २०२३ मध्ये तिच्यावरचा वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत नेण्यात आला.

ज्या करारातून आपण बाहेर पडलो असे एक पक्ष म्हणतो, त्याच मार्गिकेसाठी तो सुरक्षेची परवानगी मागतो आणि पुढे पाच महिने गाड्याही चालवतो. प्रवाशांची गैरसोय टाळायची होती, केंद्र सरकारचा दबाव होता, हे सगळे समजण्यासारखे आहे. पण अशा अर्जावर सही करण्यापूर्वी 'आमच्या समाप्ती-नोटिशीला आणि त्यातील हक्कांना बाधा न येता' हे वाक्य पत्रात आणि अर्जात दोन्हीकडे हवे. आणि ते वाक्य लिहूनही संकट पूर्ण टळत नाही. हक्क शाबूत राहतो, पण वस्तुस्थितीचा पुरावा म्हणून ते कागद समोरच्याच्या हातात जातातच.

लवाद मंडळाने काय केले

मंडळाचे निष्कर्ष कंपनीच्या बाजूने गेले. गर्डरला भेगा, काही गर्डरमध्ये पीळ, शिअर-की (गर्डर जागेवरून सरकू नये म्हणून बसवलेला ठोकळा) आणि गर्डर यांच्यातील फटी, हे दोष होते आणि ते ९० दिवसांत दूर झाले नाहीत, म्हणून समाप्ती वैध. आयुक्तांच्या प्रमाणपत्राबद्दल मंडळाचे मत असे पडले की समाप्तीची वैधता ठरवताना ते महत्त्वाचे नाही. उलट वेगावरची बंधने पाहता दोष पुरते गेले नव्हते हेच दिसते.

तारखांकडे पाहिले तर मंडळाची भूमिका वरवर बिनतोड वाटते. मुदत ऑक्टोबरमध्ये संपली आणि प्रमाणपत्र जानेवारीत आले. मग ते गैरलागू का नसावे? याचे उत्तर दुसऱ्या पर्यायात आहे. प्रश्न फक्त '७ ऑक्टोबरला दोष होता का' एवढाच असेल, तर जानेवारीचे प्रमाणपत्र निरुपयोगी. पण '७ ऑक्टोबरपर्यंत उचललेली पावले परिणामकारक होती का' हाही प्रश्न असेल, तर त्या पावलांचा परिणाम काय झाला हे सांगणारा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा कागद सर्वांत आधी पाहायला हवा.

मंडळापुढे काढलेल्या मुद्द्यांमध्ये, म्हणजे निर्णयासाठी आधी ठरवलेल्या प्रश्नांमध्ये, दोष आणि प्रमाणपत्र वेगवेगळ्या प्रश्नांत विभागले गेले, हेही इथे भोवले. ज्युनिअर वकील मुद्दे काढण्याच्या तारखेला कंटाळवाणी तारीख समजतात. दोन्ही बाजूंनी दिलेले मसुदे घाईत एकत्र करून मंडळ आदेश देते आणि पुढची तीन वर्षे पुरावा त्याच खणांत पडत राहतो. पोटकलमात दोन पर्याय असतील तर दोन्ही पर्याय मुद्द्याच्या वाक्यातच यायला हवेत, आणि मंडळाने ते घेतले नाहीत तर लेखी हरकत नोंदवून ठेवायला हवी.

चार पायऱ्या

दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ६ मार्च २०१८ ला निवाडा रद्द करण्यासाठी लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली केलेली दिल्ली मेट्रोची याचिका फेटाळली. कलम ३७ खालील अपिलात खंडपीठाने १५ जानेवारी २०१९ ला निवाडा उडवला: प्रमाणपत्र दुर्लक्षले, आणि करार नेमका कोणत्या तारखेला संपला हेही निवाड्यातून स्पष्ट होत नाही. ९ सप्टेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल फिरवला. तज्ज्ञ मंडळाने पुराव्याचे जे मोजमाप केले ते न्यायालयाने पुन्हा करू नये, असा त्याचा आशय. पुनर्विलोकन याचिका २३ नोव्हेंबर २०२१ ला फेटाळली गेली.

यानंतर क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्याच अंतिम निकालातली गंभीर चूक सुधारण्याचा शेवटचा मार्ग, उरते. तिच्यासाठी ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि ती आधी सर्वांत ज्येष्ठ तीन न्यायमूर्तींसह मूळ निकाल देणाऱ्यांपुढे फिरते. बहुतेक तिथेच संपतात. व्यापारी वादात ती मान्य होणे तर फारच विरळ. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या पीठाने ती मान्य केली. परिणामकारक पावले म्हणजे काय आणि दिल्ली मेट्रोची पावले त्यात का बसत नाहीत, हे मंडळाने सांगितलेच नाही. पोटकलमाचा एक भाग वगळला आणि निर्णायक पुरावा बाजूला ठेवला. हा निवाड्यात उघड दिसणारा कायद्याचा दोष आहे आणि खंडपीठाचेच बरोबर होते, असे पीठाने ठरवले. हा मार्ग नेहमीच्या वापरासाठी नाही, असेही पीठाने बजावले.

या निकालावर टीका झाली आणि ती पोकळ नाही. तीन-तीन वेळा तपासलेला निवाडा सात वर्षांनी कोसळत असेल तर लवाद कशासाठी, हा प्रश्न परदेशी गुंतवणूकदारांचे वकील विचारणारच. तरीही निवाडा वाचला तर जाणवते की दुसऱ्या पर्यायाबद्दल दोन परिच्छेदांची कारणमीमांसा असती, अगदी पावले अपुरी होती असा निष्कर्ष काढून, तर क्युरेटिव्हला जागा उरली नसती. कंपनीच्या वकिलांनी आपल्या लेखी युक्तिवादात हा मुद्दा स्वतःहून घेऊन मंडळाकडून त्यावर निष्कर्ष मागायला हवा होता. जिंकणाऱ्या पक्षाचे हित निवाडा आपल्या बाजूने येण्याइतकेच तो टिकण्यातही असते.

पैसा

२०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३४ ची याचिका दाखल केली म्हणून निवाड्याला आपोआप स्थगिती मिळत नाही. कलम ३६ खाली वेगळा अर्ज करावा लागतो आणि पैशांच्या निवाड्यात बहुधा रक्कम जमा करायला सांगितले जाते. तोपर्यंत व्याजाचे मीटर चालू असते. इथे ते करारातल्या दराने चालले आणि व्याजासह देणे आठ हजार कोटींच्या घरात पोहोचले. व्याजावरचा स्वतंत्र वादही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ मे २०२२ ला न्यायालयाने सांगितले की करारात व्याजाचा दर ठरलेला असेल तर तो चालतो, त्यापलीकडे कायद्याचा दर लावून मागता येत नाही.

दरखास्तीत आणखी एक अडचण आली. मेट्रो रेल्वे (परिचालन आणि देखभाल) कायदा, २००२ प्रमाणे वाहतुकीसाठी लागणाऱ्या मेट्रोच्या मालमत्तेवर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जप्ती आणता येत नाही. म्हणून मार्च २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला केंद्र आणि दिल्ली सरकार या दोन समान भागधारकांनाच पैशांच्या सोयीबाबत निर्देश द्यावे लागले. सार्वजनिक उपक्रमाविरुद्ध निवाडा मिळवण्यापूर्वीच त्याची कोणती मालमत्ता आणि कोणते बँक खाते दरखास्तीत सापडेल, याचा तपास करून ठेवणे हे कंत्राटदाराच्या वकिलाचे काम आहे. तो तपास निवाड्यानंतर सुरू केला तर वर्ष जाते.

महाराष्ट्रात हे कुठे लागते

इथल्या सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे विभागांच्या बी-१ नमुन्यातल्या करारात कलम ३० प्रमाणे अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम असतो. हे लवादाचे कलम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ठरवले. तरी आजही ठेकेदार 'लवादात जाऊ' म्हणत वर्ष-दीड वर्ष पत्रे पाठवतात आणि दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत आटत जाते. करार हातात आल्यावर पहिल्याच दिवशी हे कलम पाहावे.

मुदतीचा धडा सरकारलाही मिळाला आहे. २०२१ च्या महाराष्ट्र शासन विरुद्ध बोर्से ब्रदर्स निकालानुसार व्यापारी स्वरूपाच्या लवाद अपिलात ६० दिवसांनंतरचा उशीर अगदी थोडा असेल आणि कारण सबळ असेल तरच माफ होतो. फाइल मंत्रालयात फिरत होती, हे कारण आता चालत नाही. कलम ३४ ची मुदत तर त्याहून कडक: तीन महिने, वर फार तर ३० दिवस. त्यानंतर एक दिवसही नाही. सरकारी पॅनेलवर नव्याने आलेल्या वकिलाने निवाड्याची सही केलेली प्रत पक्षकाराला कोणत्या दिवशी मिळाली ते आवक शिक्क्यासह पाहून घ्यावे. विभागाने तोंडी सांगितलेल्या तारखेवर विसंबू नये.

३ जून २०२४ ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन ज्ञापन काढले: सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, घातले तर साधारणपणे १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरते, आणि मोठ्या वादांत मध्यस्थीला प्राधान्य द्यावे. त्यामुळे असे मोठे वाद आता व्यापारी न्यायालयांकडे वळतील. तिथले वेळापत्रक वेगळे आहे. तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) दिली नाही तर तो हक्क संपतो, सरकारचाही. आणि कागदपत्रे दाव्यासोबतच द्यायची, नंतर 'सापडली' म्हणून नाही. ९० दिवसांतले प्रत्येक पत्र, पोच आणि तपासणी अहवाल यांचे अनुक्रमांकासह बाड दावा लिहायला घेण्याआधी तयार हवे.